मोठीमाय माहेरी गेली

"मंग मी काय म्हनते, आबाजी," माईककडे तोंड नेत तानुबाई म्हणाल्या, "दूध देल्लं म्हशीनं, तापवलं म्या, अन् साय खाल्ली कोनं? सूनबाईच्या मांजरीनं. अन् मांजर बी कसं, त दोन पायाचं."

"हळू बोल वं. आयकू जाईल तिले," शेषराव म्हणाले.

"आयकू जाईल म्हनूनच त भोंग्यावर बोलून राहिली. घरात बोलली त कोन आयकते?"

बाहेर ओट्यावर हशा पिकला. समोरच्या गिरणीच्या पायरीवर दळणाला आलेल्या बायका हसल्या, पलीकडच्या माडीवर कोणीतरी खिडकी पुरती उघडली. जठारपेठेतल्या लोकसेवा वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमध्ये ठेवलेल्या टेबलापाशी, शेषराव आणि तानुबाई एकाच माईकसमोर खांद्याला खांदा लावून बसले होते. माईक एकच होता. पाण्याचा पेलाही एकच होता.

शेषराव रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाले होते. या खोलीत ते आबाजी होते, आणि तानुबाई त्यांची बायको, मोठीमाय. खोलीबाहेर त्यांचं एकमेकांशी काहीच नातं नव्हतं.

वाचनालयाचा रेडिओ संध्याकाळी ओट्यावरच्या भोंग्यातून सगळ्या गल्लीला ऐकू जाई. त्याच्या मशीनला माईकची सोय होती, पण पंधरा ऑगस्टचं भाषण आणि हरवलेल्या पोराची दवंडी यापलीकडे तिचा उपयोग होत नसे. ओट्यावर रोज बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी एकदा सेक्रेटरी भगवंतराव वकिलांकडे दर शनिवारचा बातम्यांआधीचा अर्धा तास मागितला. वकिलांना वाटलं, भजनं म्हणतील. ते म्हणाले, "म्हणा की. तब्येत चांगली राहते."

म्हाताऱ्यांनी भजनं म्हटली नाहीत. त्यांच्यातले किसनराव मास्तर निवृत्त हेडमास्तर होते आणि तरुणपणी शाळेतली नाटकं बसवत. त्यांनी एक रीत घातली. आठवडाभर जो तो आपल्या घरातलं गाऱ्हाणं ओट्यावर आणून टाकी. कोणाच्या चहात दूध नव्हतं, कोणाची खाट ओसरीत काढली होती, कोणाची काठी नातू घोडा म्हणून घेऊन गेला ती आणून दिलीच नव्हती. मास्तर त्या सगळ्यांचा काला करत. एकाची सून, दुसऱ्याची खाट, तिसऱ्याची म्हैस. असं केलं की कोणत्याही घरच्या कोणालाही हे आपल्याबद्दल आहे असं खात्रीने म्हणता येत नसे. भोंग्यावर खरं नाव घ्यायचं नाही, गल्ली सांगायची नाही, जात काढायची नाही, हा नियम. आबाजी आणि मोठीमाय सगळ्यांच्या वतीने भांडत. पेठेतले म्हातारे ओट्यावर बसून ते ऐकत आणि मान खाली घालून हसत, कारण शेजारी त्यांची मुलं उभी असत.

तानुबाईंना शेषरावांनी आणलं होतं. भाजीबाजारात त्यांनी या बाईला एका वांगीवालीशी भांडताना ऐकलं होतं. भांडण मिटलं तेव्हा वांगीवालीच हसून लोळत होती आणि वांगी अर्ध्या भावात गेली होती. शेषरावांनी पिशवी उचलायला मदत केली, चौकशी केली. बाई अमरावतीची. तिथल्या बायकांच्या दवाखान्यात उभी हयात आया म्हणून काढलेली. आता अकोल्याला मुलाकडे आलेली. मुलगा श्रावण रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, राहायला रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत. वस्तीचं नाव ऐकल्यावर शेषरावांना कळायचं ते कळलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "भोंग्याले जात नसते, बाई. तुमी याच."

तानुबाई मागच्या गल्लीतून येत, मागच्या दाराने आत शिरत. तसा काही नियम नव्हता, फाटकाकडून तो रस्ता जवळ पडे. त्यामुळे ओट्यावरच्या चारदोन म्हाताऱ्यांखेरीज आणि शिपाई सूर्यभानखेरीज त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र पेठेतल्या प्रत्येक घरात जाई. माजघरात जाई, स्वयंपाकघरात जाई, देवघरापर्यंत जाई.

त्या शनिवारी कार्यक्रम संपल्यावर सूर्यभानने रेडिओ लावला. मास्तरांनी चष्मा पुसला. शेषराव पाय पसरून म्हणाले, "मास्तर, दिल्लीत म्हने रेडिओत आता मानूस दिसते. बोलते बी अन् दिसते बी."

"टेलिव्हिजन म्हणतात त्याला," मास्तर म्हणाले.

"बरं झालं थे अकोल्यात नाई. माहं थोबाड पायलं असतं त पेठ खाली झाली असती."

सगळे हसले. तानुबाईही हसल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "मले त पायाचं हाय बापा. माह्यं नाई, त्यायचं. हसतानी कशा दिसते थ्या बाया, एक डाव पायाचं हाय."

हे त्या थट्टेने बोलल्या नव्हत्या. दवाखान्यात त्यांचं काम बाळंतिणीचं अंग पुसणं, घाण काढणं, गरम पाणी आणणं. पण डॉक्टरीणबाई त्यांना खाटेशी उभं करी ती त्यांच्या जिभेसाठी. कळा देणारी बाई त्यांच्या बोलण्याने शिव्या देता देता हसे, हसता हसता मोकळी होई. मोठमोठ्या घरच्या बायकांनी त्यांचा हात दाबून निळा केला होता. बाळ पहिल्यांदा त्यांच्या हातात येई. त्याच घरी बारशाच्या दिवसांत कधी निरोप घेऊन जायची वेळ आली तर फाटकातूनच बोलावं लागे, आणि आतून कोणी बाहेर येऊन तोंड दाखवीलच असं नव्हतं. आता शनिवारी अख्खी पेठ त्यांच्या बोलण्यावर हसत होती, आणि तो हशा त्यांना भिंतीपलीकडून ऐकावा लागत होता.

घरी वेगळीच कटकट होती.

"आई, छप्पनसाली आपन काय घेतलं?" श्रावणने जेवताना विचारलं.

"दीक्षा घेतली. मी होती ना संगं. तूच त ट्रकात चढवलं मले."

"अन् आज भोंग्यावर तू तुयशीले पानी घातलं."

"मी कुठं घातलं? मोठीमायनं घातलं."

"लोकाले कसं समजंन?"

"मास्तर लिहून देते, तुयस हाय, देवघर हाय. पेठेतली बुढी हाय थे. तिच्या घरी तुयस नसंन त काय असंन?"

"मिटिंगीत मले बोलते लोक. श्रावणभाऊ, तुमची आई आठ दिवसातून एक डाव परत तिकडे जाते म्हने." श्रावणने ताट सरकवलं. "अन् तिकडच्यायले तरी तू कोन हाय हे मालूम हाय का? सांगतलं का तू?"

तानुबाईंनी त्याचं ताट उचलून बाजूला ठेवलं. सून इंदू चुलीकडे तोंड करून हसू दाबत होती. श्रावण हात धुवायला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "सासूबाई, सायीचं थे माह्यावर नव्हतं ना?"

"तुह्या घरी म्हैस कुठं हाय वं?"

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात किसनराव मास्तर फाटकापलीकडच्या वस्तीत पहिल्यांदा आले. दारात उभे राहून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. तानुबाईंनी बाज टाकली. मास्तर काठावर टेकले.

भगवंतराव वकिलांच्या पत्नी पार्वताबाई वाचनालयाची महिला शाखा चालवत. यंदा वकिलांच्या अंगणात शाखेचं मोठं हळदीकुंकू होतं, आणि बायकांनी एकमुखाने ठरवलं होतं की वाण मोठीमायच्या हातून लुटायचं. आबाजी धडधाकट, मुलं-सुना, नातवंडं, दारात म्हैस. इतकी भरल्या घरची सवाशीण पेठेत दुसरी कोण, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठीमाय कोण, राहते कुठे, हे कोणी विचारलंच नव्हतं. म्हातारा दर शनिवारी भोंग्यावर भांडतो म्हणजे म्हातारी सवाशीण, यात त्यांना विचारण्यासारखं काही वाटलं नाही. वकिलांनी मास्तरांना सांगितलं होतं, "तुम्ही घेऊन या."

तानुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"मास्तर, माहे मालक जाऊन धा वर्स झाले."

"ते आपल्याला ठाऊक. त्यांना आबाजी ठाऊक आहे."

"मंग आबाजीले सांगा वाण लुटाले."

"तानुबाई, मी नाही म्हणायला गेलो तर कारण सांगावं लागेल," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "एक संध्याकाळ आहे. एक बोट कुंकवाचं. नाव कोणी विचारणार नाही, तो तर आपला नियमच आहे. घरी येताना पुसून टाका."

"पुसलेलंच हाय, मास्तर. एक डाव मालक गेले तवा लोकायनं पुसलं. मंग छप्पनसाली म्हनलं, आता जगातल्या कोन्याच बाईनं लावलं काय अन् नाई काय, मले त्याचं घेनंदेनं नाई. आता कोनासाठी लावू?"

मास्तर पायाकडे पाहत राहिले. शाळेत त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्या मुलांना एका सतरंजीवर बसवलं होतं, ही गोष्ट ते ओट्यावर पुष्कळदा सांगत. आज त्यांनी ती सांगितली नाही.

"मग तब्येत बरी नाही असं कळवतो," ते उठत म्हणाले.

"नोका कळवू. येते मी."

"कुंकू?"

"कुंकवाचं मी पाईन. मले बाया पायाच्या हायेत."

मास्तरांनी आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना वकिलांकडे जाऊन सांगावं लागलं असतं, आणि ते त्यांना टाळायचं होतं.

श्रावणला तानुबाईंनी काही सांगितलं नाही. इंदूला सांगितलं. इंदूने आपलं लग्नातलं फिकट निळं पातळ काढून दिलं. तानुबाईंनी ते घडीवर घडी बसवून नेसलं, अंबाड्याला जाळी लावली आणि कपाळ कोरं ठेवून निघाल्या. या वेळी पुढच्या रस्त्याने गेल्या.

वकिलांच्या अंगणात सतरंज्या होत्या, मधोमध रुमाल टाकलेली खुर्ची होती. मास्तरांनी फाटकापाशी "या आपल्या मोठीमाय" एवढं सांगितलं आणि पुरुषांना आत जायचं नाही म्हणून ते बाहेर थांबले. अंगणात एकदम गलका उठला. बायका उभ्या राहिल्या. लहान लेकरांना पुढे करून आया म्हणू लागल्या, "हे पाय, मोठीमाय. भोंग्यातली." कोणीतरी पाया पडलं. एका तरण्या सुनेने हात धरून खुर्चीपर्यंत नेलं. तानुबाईंनी एकेक तोंड पाहून घेतलं. कोणाचे दात पुढे होते, कोणी पदर तोंडावर घेऊन हसत होती, कोणाच्या गालाला खळी पडत होती. भिंतीपलीकडचा हशा असा दिसत होता.

"पन काय वं मोठीमाय, आबाजीले कोंडून आल्या का?" एकीने विचारलं.

"कोंडून कायले? म्हशीच्या दाव्याले बांधून आली. म्हैस समंजस हाय, सांभाळते."

अंगण खळाळून हसलं. हसता हसताच पार्वताबाई करंडा घेऊन पुढे आल्या. त्यांनी बोटावर कुंकू घेतलं आणि हात तानुबाईंच्या कपाळाकडे नेला.

तानुबाईंनी त्यांचं मनगट हलकेच धरलं. "नोका लावू, बाई."

"का?" पार्वताबाई हसतच होत्या. त्यांना हा पुढचा विनोद वाटला.

"माहे मालक गेले, लय वर्स झाले. आबाजी माहे नवरे नाई, बाई, गार्डसायेब हायेत थे, निस्ते माईकवरचे." तानुबाईंनी मनगट सोडलं. "अन् मालक असते तरी म्या लावलं नसतं. आमी दीक्षा घेतली छप्पनसाली. फाटकापलीकडे राहातो आमी."

कोणी ओरडलं नाही. कोणी उठून गेलं नाही. अंगणात जो तो आपल्या हातातल्या वस्तूकडे पाहू लागला. कोणी वाटीकडे, कोणी लेकराच्या कानातल्याकडे. पार्वताबाईंनी बोटावरचं कुंकू करंड्याच्या कडेला सावकाश पुसलं. मघाशी पाया पडलेली बाई मागच्या रांगेत जाऊन बसली होती.

"बसा ना तुम्ही, बसा," पार्वताबाई म्हणाल्या. आवाज अतिशय गोड होता. "उगाच तुम्हाला तसदी दिली. वाण मीच देते, तुम्ही थकला असाल."

मग त्या स्वतः रांगेने सगळ्यांना वाण देत गेल्या. तानुबाई खुर्चीत बसून राहिल्या. मागे दोघी कुजबुजत होत्या.

"ही नसंनच थे. मोठीमाय अशी कुठं असते?"

"मले बी पायताच वाटलं. मास्तरनं कोनाले तरी धरून आनलं."

तानुबाईंचा हात धरून आणणारी तरणी सून मागे वळून म्हणाली, "अवं, आताच बोलल्या ना थ्या. म्हशीचं."

"म्हशीचं कोनी बी बोलते," पहिली म्हणाली.

वाण संपलं. पार्वताबाईंनी एक कंगवा आणि तिळगुळाची पुडी तानुबाईंच्या शेजारच्या स्टुलावर ठेवली आणि चहाचं पाहायला म्हणून आत गेल्या. चहा आला नाही. तानुबाई थोडा वेळ बसल्या, मग उठल्या. कंगवा घेतला, पुडी घेतली. न घेणं म्हणजे भांडण झालं असतं आणि भांडायला समोर कोणी उभंच नव्हतं.

फाटकाबाहेर मास्तर नव्हते.

पुढच्या शनिवारी तानुबाई नेहमीच्या वेळी मागच्या गल्लीतून गेल्या. दार आतून लावलेलं होतं. त्यांनी कडी वाजवली. सूर्यभानने फट उघडली.

"काकी, मास्तरनं सांगतलं, आज मोठीमाय माहेरी गेली म्हनून."

"कोनाच्या माहेरी?"

त्यावरचं उत्तर मास्तरांनी सूर्यभानला दिलेलं नव्हतं. तो म्हणाला, "मी काय सांगू, काकी. मी निस्तं बटन दाबतो," आणि दार लावून घेतलं.

तानुबाई गल्लीत उभ्या राहिल्या. भोंगा सुरू झाला. शेषराव एकटेच बोलत होते. म्हातारी माहेरी गेली, घर कसं गार वाटून राहिलं, चहा मीच केला अन् साखर समजून मीठ टाकलं. लोक हसले. शेषरावांचा आवाज मधूनच खोल जात होता. तानुबाईंना वाटलं, मिठाचं ठीक होतं, पण मग मोठीमायला यात एक वाक्य तरी हवं होतं.

मंगळवारी शेषराव स्वतः आले. इंदूने चहा ठेवला. शेषराव टोपी मांडीवर ठेवून बोलत होते.

"वकील म्हनले, मशीन वाचनालयाचं हाय. लोक इचारून राहिले, वर्गणीवाले हायेत. कार्यक्रम बंद करू का, असं म्हनले. मंग मास्तरनं तोडगा काढला. मोठीमायले माहेरी पाठवू, अन् परत आनू."

"परत कोनाले आनून राहिले?"

"गोदाबाई म्हनून हाय. शाळेतली मास्तरीन. नाटकात काम करते."

"किती वर्साची?"

"तिशीची असंन," शेषराव पुटपुटले. "आवाज जाड करते. वकील म्हनते, आवाजाले बी पावडर लावता येते."

"बुढ्यायच्या कार्यक्रमात तिशीची बुढी." तानुबाई हसल्या नाहीत. "अन् मास्तर?"

"मास्तर म्हनते, मोठीमाय जगली पायजे. बोलनारं कोन हाय, त्याले महत्त्व नाई म्हनते."

"तुमी काय म्हनलं?"

"म्या म्हनलं, तानुबाई नाई त मी बी नाई."

"मंग?"

शेषरावांनी टोपी उलटी करून आत पाहिलं. "घरी काय करू, तानुबाई? दिवसभर ओसरीत बसतो. पोट्टं येता जाता बोलत नाई. जेवला का म्हनून बी इचारत नाई कोनी. शनिवारी अर्धा घंटा लोक मले आयकते. तेवढं बी सोडू का?"

तानुबाईंना त्यांचं म्हणणं कळत होतं. कळत होतं म्हणूनच त्यांना शेषरावांचा जास्त राग आला. इंदूने कपबशी पुढे केली. शेषरावांनी चहा बशीत ओतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. आपण इथे चहा पितो आहोत याचं त्यांना भान होतं, हे त्यांच्या घाईवरून दिसत होतं.

बशी खाली ठेवूनही ते उठले नाहीत.

"अजून काई हाय का?" तानुबाईंनी विचारलं.

"तसं नाई. गोदाबाईले बोलता येते, पन सुचत नाई. मास्तर लिहून देते, थे भाषनावानी होते. म्या म्हनलं, तुमाले इचारावं. या शनिवारी आबाजीचा चष्मा सून झाडूत लोटते, असं हाय. त्याच्यावर मोठीमाय काय म्हनंन? दोन-चार वाक्य सांगतले त मी तिले नेऊन देतो."

इंदूचे हात चुलीपाशी थांबले. तानुबाईंना चष्म्यावरचं वाक्य तेवढ्यात सुचलंही होतं. चांगलं होतं. ओट्यावर हसून माणसं लोळली असती. त्यांनी ते तोंडात धरून ठेवलं आणि कप उचलून मोरीत नेला.

"चहात साखर बराबर होती ना, गार्डसायेब?" त्या तिथूनच म्हणाल्या.

"होती," शेषराव म्हणाले. मग ते टोपी घालून निघाले.

संध्याकाळी श्रावणला कळलं. तो म्हणाला, "म्या आधीच म्हनलं होतं." तो वाईट मुलगा नव्हता. त्याला आईचं दुःख झालं होतं आणि आपलं खरं ठरल्याचं बरंही वाटलं होतं, आणि दोन्ही त्याच्या तोंडावर एकाच वेळी दिसत होतं. "आपल्या वस्तीतच काई करू, आई. जयंतीले माईक येते. तू बोल ना तवा."

"काय बोलू?"

"चळवळीचं बोल. शिक्षनाचं."

"थे तुले येते. मले सासू-सुनेचं येते," तानुबाई म्हणाल्या. जयंतीला त्या बोलल्या नाहीत.

मोठीमाय माहेराहून परत आली. वारं पेठेकडून असलं की भोंगा फाटकापर्यंत ऐकू येई. इंदू त्या वेळी मुद्दाम मुलांना मोठ्याने हाका मारी.

उन्हाळ्याच्या तोंडी एका शनिवारी त्या तिखटाच्या मिरच्या घ्यायला जठारपेठेत गेल्या होत्या. येताना पाय भरून आले म्हणून गिरणीच्या पायरीवर टेकल्या. टेकल्यावर लक्षात आलं की वेळ झाली आहे. समोर ओटा भरला होता. पायरीवर त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका रस्त्यावर बसत नसत, त्या माडीवरून ऐकत. पायरीच्या दुसऱ्या टोकाला खेड्यावरची एक बाई बसली होती. नवरा दवाखान्यात होता, आणि दर आठ दिवसांनी त्याला डबा द्यायला आलं की गाडीची वेळ होईपर्यंत आपण इथे बसतो, असं तिने न विचारताच सांगितलं.

"मोठीमाय असते आज," ती म्हणाली. "तेवढंच हासनं होते."

भोंगा सुरू झाला. गोदाबाईंचा आवाज जाडा होता, कापरा होता, शब्द स्वच्छ होते. गोदाबाईंनी कुठे चूक केली असं म्हणता आलं नसतं. लोक अधूनमधून हसत होते, थोडे सवयीने. मग शेषराव म्हणाले, "अवं, मी मेलो त तू रडशील का?"

"असं अभद्र बोलू नये हो आबाजी! शंभर वर्षं जगा तुम्ही!" भोंग्यातली मोठीमाय म्हणाली.

कोणी हसलं नाही. शेषराव थांबले. भोंग्यात नुसती खरखर ऐकू येत राहिली, आणि ओट्यावरचा एक म्हातारा मान वर करून भोंग्याकडे पाहू लागला.

"रडीन ना," तानुबाई मिरच्यांची पिशवी मांडीवर घेत आपल्याशीच म्हणाल्या, "पन मराच्या आधी सकायीच सांगजा. एक भाकर कमी थापीन."

खेड्यावरच्या बाईला असं हसू फुटलं की तिने डब्याचं फडकं तोंडावर धरलं. खांदे हलत राहिले. हसणं थांबल्यावर तिने डोळे पुसले आणि तानुबाईंकडे नीट पाहिलं.

"माय वं," ती म्हणाली, "तुमी त अगदी मोठीमायवानी बोलता. दर शनिवारी आयकता वाटते?"

"आयकते," तानुबाई म्हणाल्या.

"मंग तिकडे काहून बसल्या? इकडे सरका. इथून भोंगा साफ आयकू येते."

बाईने आपला डबा उचलून जागा करून दिली. तानुबाई सरकल्या.